दोन बाटल्यांचा नियम

बाळ एक, बाटल्या दोन. आमच्या लॅबमध्ये नवीन माणूस आला की मॅडम त्याला हे पहिल्याच दिवशी सांगतात, आणि तो विसरला तर मी सांगते. मॅडम सांगतात तेव्हा माणूस मान डोलावतो. मी सांगते तेव्हा तो पुन्हा विसरत नाही. माझ्या पाठीमागे सगळे मला तोफ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. तोफेच्या आवाजाने अजून कोणाची बाटली फुटलेली नाही.

काम आमचं असं. पोटुशी बाईच्या पोटातून डॉक्टर लांब सुईने थोडं पाणी काढतात, बाळ ज्यात तरंगत असतं ते. त्या पाण्यात बाळाच्या अंगावरून सुटलेल्या पेशी असतात. ते पाणी आम्ही दोन चपट्या बाटल्यांत वाटतो, त्यात पेशींचं खाणं घालतो आणि दोन वेगळ्या उबेच्या कपाटांत ठेवतो. काही दिवसांनी पेशी बाटलीच्या तळाला चिकटतात, आणि मग एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढायला लागतात.

एकीच्या दोन होतात म्हणजे काय होतं, ते शाळेच्या पुस्तकात असतं. सूत्री विभाजन असं नाव आणि शेजारी चार सुबक चित्रं. मला विचाराल तर ती भावाभावांची वाटणी आहे. फक्त माणसांपेक्षा जास्त इमानाने केलेली. पेशी आधी आपल्या सगळ्या गुणसूत्रांची नक्कल काढते, म्हणजे प्रत्येक वस्तू दोन घरांना पुरेल. मग त्यांना मधोमध एका रांगेत उभं करते. दोन्ही टोकांकडून बारीक धागे येतात आणि प्रत्येक जोडीतल्या एकेक प्रतीला धरतात. शहाणी पेशी इथे थांबते. सगळ्यांना धागा लागला अशी खात्री झाल्याशिवाय ती ओढत नाही. खात्री झाली की ओढते, आणि निम्मं इकडे, निम्मं तिकडे. दोन्ही घरी सारखं सामान.

आम्ही नेमक्या त्या रांगेच्या वेळी औषध घालून धागे तोडतो. पेशी जागच्या जागी अडकते. विभागायला निघालेली पेशी तशीही तळाची पकड सोडून गोल झालेली असते, त्यामुळे बाटलीला हलकी थाप मारली की ती सुटून वर तरंगते. तिला फुगवायचं, काचेच्या पट्टीवर हात उंच धरून थेंब सोडायचा, की ती फुटून गुणसूत्रं पसरतात. मग रंगवून फोटो काढायचा आणि कात्रीने एकेक कापून जोड्या लावायच्या. शेहेचाळीस भरली की जीव भांड्यात पडतो.

कधी कधी भरत नाहीत. एखादा धागा नीट लागलेला नसतो, पेशीला घाई होते, आणि दोन्ही प्रती एकाच घरी जातात. मग प्रत्येकीकडे दोन हवीत, तिथे एकीकडे तीन, दुसरीकडे एक. एकवाली बहुतेक मरून जाते. तीनवाली जगते, आणि तिला आपल्याकडे काही जास्तीचं आहे याचा पत्ताच नसतो. ती बिचारी तिन्हींच्या इमानाने नकला काढत वाढत राहते.

ही चूक बाळाच्या अंगात होऊ शकते, तशीच आमच्या बाटलीतही होऊ शकते. बाटली म्हणजे काही आईचं पोट नव्हे. म्हणून तर दोन बाटल्या. चूक एकाच बाटलीत दिसली तर ती बाटलीची, सोडून द्यायची. दोन्हीत तीच चूक दिसली तर ती बाळाची. या एका नियमावर आम्ही माणसांना आयुष्याचे निर्णय घ्यायला लावतो.

आणखी एक नियम आहे. नात्यातल्या माणसाच्या बाटलीला हात लावायचा नाही. म्हणून माझ्या सुनेचं पाणी आलं तेव्हा ते मौनीकडे गेलं.

मौनी म्हणजे माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा. चाळिशीचा असेल. सकाळी आल्यावर एकदा आणि जाताना एकदा बोलतो, मधे त्याला बोलतं करायला बक्षीस लावलं पाहिजे. पण हात असा, की त्याने सोडलेला थेंब कधी वाकडा पडला नाही. काचेवर आधी हळूच फुंकर घालायची त्याची सवय आहे, वाफेने गुणसूत्रं छान पसरतात म्हणतो. मी त्याला हसायचे, आणि मग कोणी बघत नाही असं पाहून स्वतःही फुंकर घालायचे. त्याच्याकडे पाणी गेलं याचं मला बरंच वाटलं होतं.

माझी सून गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. लांबलचक टेबलावर कापडाचे थर रचायचे, सगळ्यात वर खडूने आखायचं आणि विजेच्या सुरीने सगळे थर एका दमात कापायचे. तिच्या नखांत कायम खडू असतो. आमचं दोघींचं बरं जमतं. म्हणजे रोज एकदा भांडण होतं आणि दुसऱ्या दिवशीचं भांडण आदल्या दिवशीचं नसतं. आधी दोनदा दिवस राहूनही तिचा गर्भ पडला होता. पहिल्या वेळी ती रडली. दुसऱ्या वेळी रडली नाही, नुसती कामावर गेली, आणि ते मला जास्त लागलं. हे तिसरं टिकलं. म्हणून डॉक्टर म्हणाले, पाणी तपासून घेऊ.

त्या सुईच्या वेळी ती घेरी येऊन पडली. पहिल्यांदा सुई नीट गेली नाही, पुन्हा घालावी लागली. मी दुसऱ्या दिवशी सगळ्या लॅबला ते तिखटमीठ लावून सांगितलं आणि वर म्हणाले, "त्या पोरीच्या पोटात परत सुई गेली ना, तर माझ्याशी गाठ आहे." सगळे हसले. मौनी आपल्या बाटल्यांना लेबल लावत होता. तो हसला की नाही, मी पाहिलं नाही.

निकाल मॅडमनी स्वतः सांगितला. आम्हा तिघांना खोलीत बोलावलं, मला, मुलाला आणि सुनेला. मी तिथे लॅबची नव्हते, सासू होते, म्हणून खुर्चीवर बसले. त्या खोलीत इतक्या वर्षांत मी कधी बसले नव्हते.

"आठव्या नंबरचं गुणसूत्र काही पेशींत दोनाऐवजी तीन आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांत नाही. साधारण तीनातल्या एकीत."

माझा मुलगा शाळेत गणित शिकवतो. त्याने लगेच हिशोब करायला घेतला. "म्हणजे बाळ दोन भाग चांगलं आणि एक भाग..."

"तसं नसतं," मॅडम म्हणाल्या. "काही मुलं जवळजवळ ठणठणीत असतात. काहींना हृदयाचा त्रास, सांध्यांचा, काहींची बुद्धी मागे राहते. कोणतं मूल कसं निघेल, हे मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण हातात फार दिवस नाहीत."

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तू सांग. तू रोज हेच बघतेस. चूक असू शकते का?"

सूनही माझ्याकडे बघत होती. मला गप्प बसता आलं असतं. पण विचारलं आणि मी गप्प बसले, असं आजवर झालेलं नाही.

"एका बाटलीत असतं तर मी हसून सोडून दिलं असतं," मी म्हणाले. "दोन्ही बाटल्यांत आहे. म्हणजे बाळात आहे."

घरी गेल्यावर ती दोघं दार लावून बराच वेळ बोलली. मग मुलगा बाहेर आला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "परवा सकाळी दवाखान्यात जायचं ठरवलंय. ती म्हणते, मी तिसऱ्यांदाही वाट बघीन, पण मुलाला जन्मभर सोसायला लावणार नाही." टेबलावर तिने कारखान्यातल्या उरलेल्या कापडातून छोटी छोटी झबली कापून ठेवली होती, अजून शिवलेली नव्हती. तिने ती गोळा केली, नीट चौकोनी रचली आणि कपाटात खाली ठेवून दिली. फेकली नाहीत. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण आमच्यात तशी रीत नव्हती, म्हणून मी भांडी घासायला गेले आणि नळाच्या आवाजात रडले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. घरात बसून कोणाचं काय भलं होणार होतं? मौनी प्यायचं पाणी आणायला म्हणून बाहेर गेला होता. त्याची दोन्ही उबेची कपाटं माझ्यासमोर होती. निकालावर सही होऊन सगळं मिटेपर्यंत आम्ही बाटल्या फेकत नाही, हे मला माहीत होतं.

खरं सांगते, माझ्या मनात कसलाही संशय नव्हता. मला फक्त एकदा बघायचं होतं. उद्यानंतर या जगात त्या बाळाचं काहीही उरणार नव्हतं, आणि इथे, माझ्या हातभर अंतरावर, त्याच्या पेशी जिवंत होत्या. नियम नियमाच्या जागी. आजी आजीच्या जागी. मी बाटली काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

अशा बाटलीत पेशी बेटाबेटांनी वाढतात. पाण्यातली एक पेशी एका जागी चिकटते आणि तिथेच तिची प्रजा वाढते, दुसरी दुसरीकडे. तळावर गोल गोल बेटं आणि मधे मोकळी जागा. एका थापेने ती बेटं हलत नाहीत, फक्त विभागायला निघालेल्या तेवढ्या सुटतात. मी आयुष्यात इतकी बेटं पाहिली आहेत की डोळे मिटले तरी दिसतात.

या बाटलीत एकही बेट नव्हतं. सगळ्या पेशी तळभर सारख्या पसरलेल्या, पेरल्यासारख्या. मी दुसऱ्या कपाटातून दुसरी बाटली काढली. तीही तशीच.

असं एकाच कारणाने होतं. कोणीतरी एका बाटलीतल्या सगळ्या पेशी औषधाने उचलायच्या, त्यांची कालवाकालव करायची आणि दोन बाटल्यांत पुन्हा घालायच्या. म्हणजे बाटल्या दोन दिसतात, पण मूळ एकच असतं. त्या मूळ बाटलीत एखाद्या पेशीने घाई केली असेल, तर तिची पोरंबाळं दोन्हीकडे सारखीच सापडणार. आणि आम्ही नियमावर बोट ठेवून म्हणणार, दोन्हीत आहे, म्हणजे बाळात आहे. आम्ही कशाला, मीच म्हणाले होते.

मौनी आत आला, त्याने माझ्या हातातली बाटली पाहिली आणि दारातच थांबला.

"दुसरी बाटली कुठाय?" मी विचारलं.

"ही काय, दोन्ही..."

"ही पहिलीच आहे, दोन तुकडे केलेली. मी दुसरी विचारतेय."

त्याने हातातला तांब्या खाली ठेवला. "बुरशी आली होती तिच्यात."

"मग?"

"फेकली."

"आणि मॅडमना सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा पाणी मागवलं असतं," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. "पुन्हा सुई. तुम्ही म्हणाला होतात, परत सुई गेली तर माझ्याशी गाठ आहे. ती पडली होती, ते तुम्ही सांगत होता. मला वाटलं, निकाल साफच येणार. बहुतेकांचा साफच येतो. मग एका बाटलीतल्या काय आणि दोन बाटल्यांतल्या काय. कोणाला कळणार, कोणाला दुखणार?"

"आणि साफ आला नाही तेव्हा? तेव्हा तुझ्या तोंडाला कोणी कुलूप घातलं होतं?"

"तुम्ही सगळे मॅडमच्या खोलीत गेलात. मी दारापर्यंत आलो होतो." त्याने तांब्या उगाच सरकवला. "मग वाटलं, कदाचित ते खरंच बाळातलं असेल. असूही शकतं ना."

"उद्या सकाळी ती दवाखान्यात जाणार आहे. मूल काढायला."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याने भिंतीचा आधार घेतला.

मग तोफ धडाडली. मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एवढं आठवतं: "दया आली तुला? अरे, खोटं बोलायचंच होतं तर स्वतःच्या फायद्यासाठी बोलायचंस, मी एकवेळ माफ केलं असतं. दया करून माणसं मारतात होय रे?" आवाज ऐकून मॅडम धावत आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, दोन्ही बाटल्या स्वतः पाहिल्या, आणि खूप वेळ डोळा उचलला नाही.

"नात्यातली बाटली तू का काढलीस?" शेवटी त्यांनी मला विचारलं.

"बघायला."

"काय बघायला?"

"बाळाला," मी म्हणाले.

मॅडमनी आधी दवाखान्यात फोन करून उद्याचं रद्द करवलं. मग मौनीला म्हणाल्या, "चूक मी माझ्या नावावर घेईन, लॅब माझी आहे. पण तिच्यासमोर सांगायचं तू. तुझ्या तोंडाने."

आम्ही दोघं कारखान्यात गेलो. सून टेबलापाशी होती, पोट कडेला लागू नये म्हणून तिरकी उभी. आम्हाला एकत्र बघून तिने सुरी बंद केली. आजूबाजूच्या मशिनांचा एवढा गोंगाट होता, की मौनीला ओरडून सांगावं लागलं. जन्मभर कुजबुजलेला माणूस आपला गुन्हा ओरडून सांगत होता, आणि मला त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही.

त्याचं बोलणं संपल्यावर तिने एकच विचारलं. "म्हणजे दोन्ही एकाच थानातले?"

"हो," तो म्हणाला.

तिने टेबलावरच्या थरांवर तळहात ठेवला. कापडाच्या थानातच दोरा तुटलेला असला की प्रत्येक सदऱ्यात तीच रेघ येते, हे तिला मी शिकवायची गरज नव्हती. तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही म्हणालात, बाळात आहे."

"हो."

"तुम्ही म्हणालात म्हणून मी ठरवलं. डॉक्टरीणबाईंचं मला अर्धंही कळलं नव्हतं. तुम्ही इतक्या खात्रीने म्हणालात."

नियमाप्रमाणे मी बरोबर होते, पण तिच्यासमोर नियमाचं नाव काढायची मला लाज वाटली.

"पुन्हा सुई घालायची तर घाला," ती म्हणाली. "पण आता माझी एक अट आहे. नियम काय म्हणतो, मोजायचं काय आणि सोडायचं काय, ते तुमचं तुम्ही बघा. मला जे दिसेल ते सगळं सांगायचं. माझ्यापासून काही लपवायचं नाही, माझ्या भल्यासाठीसुद्धा नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

या वेळी तिला घेरी आली नाही. सुई आत जाईपर्यंत ती तिच्याकडे टक लावून बघत राहिली. पाणी लॅबमध्ये आलं तेव्हा मला वाटलं होतं, मॅडम मौनीला आता जवळपासही फिरकू देणार नाहीत. पण त्यांनी एक बाटली स्वतः घेतली आणि दुसरी त्याच्याच हातात दिली. "दुधाने तोंड पोळलंय त्याचं," त्या मला म्हणाल्या, "आता ताक त्याच्याइतकं फुंकून कोणी पिणार नाही." मी तोंड वाकडं केलं, पण खरं होतं ते. तो त्या बाटलीशी असा वागायचा, जणू कपाटात तान्हं झोपलंय. मी त्याच्याशी बोलत नव्हते. तसा फरक काय पडणार म्हणा, तो कधी बोलत होता?

घरात ते दिवस फार वाईट गेले. सून कामावर जायची, यायची, जेवायची. पोट आता चांगलंच दिसत होतं, आणि ते दिसतंय यावर कोणी बोलायचं नाही. या निकालानंतर जे काय करायचं ते लगेच करायला हवं होतं, पुढे वेळ उरणार नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होतं. मुलगा मधेच काही विनोद करायचा आणि स्वतःच अर्ध्यात थांबायचा. एकदा मॅडमनी हाताची घडी घालून शेजारी उभं राहून मला दोन्ही बाटल्या बघू दिल्या. बेटं होती. दोन्हींत. छान, गोल, आपापल्या जागी. त्या दिवशी मी घरी जाऊन सुनेला म्हणाले, "बेटं आहेत," आणि ती पहिल्यांदा हसली. बेटं म्हणजे काय, हे तिने आधीच माझ्याकडून खोदून खोदून विचारून घेतलं होतं.

निकालाच्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावलं. "साफ आहे," त्या म्हणाल्या. "नेहमीच्या दुप्पट पेशी मोजल्या. मी मोजल्या, त्याने मोजल्या. आठवं गुणसूत्र सगळीकडे दोनच." मी खुर्चीत बसले. त्या खोलीत दुसऱ्यांदा.

"आता हेही बघ," त्या म्हणाल्या आणि एक काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "मी दाखवलं नाही तर तू चोरून बघशीलच."

मी पाहिलं. शेजारी शेजारी दोन पेशी फुटलेल्या होत्या. एकीची गुणसूत्रं एकमेकांवर पडून पार गुंता झालेला, मोजताच येणार नाहीत अशा. दुसरी मोकळी पसरलेली, आणि तिच्या कडेला, दोन्हींच्या मधल्या जागेत, एक जास्तीचं. ज्यावरून नंबर ओळखायचा ते त्याच्यावरचे पट्टे मी दोनदा पाहिले. आठवंच होतं.

"शेजारणीचं उडालेलं," मॅडम म्हणाल्या. "थेंब पडताना असं होतं, तुला माहीत आहे. अशी पेशी आपण मोजत नाही."

"नाही मोजत," मी म्हणाले.

"तुला काय वाटतं?"

"माझं मन नात्यातलं आहे, मॅडम. त्याला विचारू नका."

त्यांनी सही केली. मी त्यांच्या जागी असते तर मीही केली असती, आणि आजही करीन. बाहेर मौनी उभा होता. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "साफ आहे," मी त्याला म्हणाले. तो जागच्या जागी खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. मी पुढे निघून गेले.

मॅडमनी घरी फोन केलेला होता. मी पोचले तेव्हा मुलगा स्वयंपाकघरात बेसूर गात होता आणि शेजारच्या दोन घरांना बातमी कळलेली होती. सून आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. कपाटातली झबली बाहेर आली होती. एक तिच्या मांडीवर होतं आणि ती त्याची बाही शिवत होती.

"दार लावा," ती म्हणाली. मी लावलं. "आता सांगा."

"काय सांगू? साफ आहे. सही झाली."

"ते ह्यांनी सांगितलं. तुम्ही काय पाहिलंत?"

किती सोपं होतं. 'काही नाही' म्हणायचं, दोन शब्द. नियम माझ्या बाजूने होता, मॅडम माझ्या बाजूने होत्या, आणि ती सुई, ते चिमुकलं झबलं, सगळं माझ्या बाजूने होतं. त्या घटकेला मला मौनी पुरता कळला, आणि तो कळला याचाच मला राग आला. मी कबूल केलेलं होतं. मी सांगितलं. दोन पेशी, मधलं एक, शेजारणीचं उडालेलं असणार.

सुई थांबली. "एकच?"

"एकच. आणि ती पेशी मोजायचीसुद्धा नसते."

"पण असेल तर?"

"नसणार."

"नक्की?"

मागच्या वेळी मी नक्की म्हटलं होतं. "बहुधा," मी म्हणाले.

तिने झबल्याची बाही मांडीवर सपाट केली. मग एकदम म्हणाली, "कशाला सांगितलंत?"

"तूच म्हणाली होतीस, सगळं..."

"म्हणाले होते! म्हणाले होते मी! तुम्हाला एवढंही कळत नाही?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "आता हे मूल उशिरा चाललं, उशिरा बोललं, एकदा अडखळून पडलं, तरी मला ती एकच दिसणार. जन्मभर. मूल मी ठेवणारच आहे. पण निवांत ठेवू दिलं असतं ना मला."

मी तिच्याजवळ बसले आणि रीत नसताना तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली, आधीच्या दोन्ही वेळचंही त्यातच रडून घेतल्यासारखी.

"चहा ठेवतोय!" बाहेरून मुलाचा आवाज आला. "तिघांचा करू की चौघांचा?"

सून ताठ बसली. पदराने तोंड पुसलं. "ह्यांना सांगू नका," ती हळूच म्हणाली.

"तो बाप आहे, त्याला..."

"नाही. कधीच नाही. ह्यांना तरी नीट झोपू द्या."

परवापरवाच मी एका माणसाला भिंतीला टेकवून विचारलं होतं, की दया करून माणसं मारतात होय रे. ते माझे शब्द मला आठवले. पण सून माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत.

"नाही सांगणार," मी म्हणाले.

दार ढकलून मुलगा आत आला. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघून जरा गांगरला. "काय झालं? दोघी रडताय कशाला?"

"आनंद झाला म्हणून," सून म्हणाली आणि तिने खाली बघून पुढचा टाका घातला. त्याने खात्री करायला माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.